ग्रंथालयाची एक भिंत आमच्या कलावंताला द्या!

भंडाऱ्याहून पवनीकडे निघाले की वाटेत अड्याळ लागते. चौकात उतरले की सर्वप्रथम नजरेत भरतात ते फ्लेक्स. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. सगळे एकाच यंत्रातून निघालेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या गावोगावी हाताने रंगवलेल्या पाट्या असत. दुकानाची पाटी, 14 एप्रिलचा कापडी फलक, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, विहारातले तथागताचे चित्र आणि दिवाळीनंतरच्या मंडईत होणाऱ्या नाटकाचा पडदा ही सारी कामे एकाच हाताची असायची. त्या हाताला गावात 'पेंटर' एवढेच नाव होते.

असा एक पेंटर आम्हाला जवळून माहीत आहे. फ्लेक्स आला आणि त्याची रोजी गेली. आता तो रोवणीच्या हंगामात मजुरीला जातो, दिवाळीच्या तोंडावर लोकांच्या घरांना चुना-डिस्टेंपर मारतो. तीसएक वर्षांपूर्वी त्याने एका विहाराच्या भिंतीवर धम्मदीक्षेचा सोहळा रंगवला होता. बाबासाहेब, माईसाहेब आणि समोर पांढऱ्या वस्त्रांतला जनसागर. त्या गर्दीत त्याने आपल्याच वस्तीतले चेहरे घातले होते. म्हाताऱ्या बाया भिंतीजवळ जाऊन आपली आई, आपला सासरा शोधत. पुढे विहाराचे नूतनीकरण निघाले. भिंतीला टाइल्स लावायचे ठरले. त्या बैठकीला आम्ही हजर होतो. टाइल्सच्या रंगावर तासभर चर्चा झाली. चित्रावर एक शब्दही निघाला नाही. आम्हीही बोललो नाही. चित्र गेले, त्याचा साधा फोटोही कोणाजवळ नाही. दाराशी संगमरवरी फलक मात्र लागला. त्यावर देणगीदारांची नावे कोरली आहेत. त्यात आमचेही नाव आहे. पेंटरचे नाही.

ही गोष्ट आजचीच आहे असे नाही. याच तालुक्यात, पवनीला 1969-70 साली उत्खनन झाले आणि जगन्नाथ टेकडीखालून बौद्ध स्तूप उजेडात आला. तेथे मिळालेल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात उपासक आहेत, भिक्षुणी आहेत. नागराज मुचलिंदाच्या शिल्पाखाली त्याचेही नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या मातीतल्या सामान्य माणसांना आपले नाव दगडावर पाहता आले, याचा आम्हाला अभिमान वाटतो, वाटलाच पाहिजे. पण ज्याने छिन्नी चालवली त्याचे नाव कोठे आहे? सांचीला मात्र दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांनी, हे कोरीवकाम केल्याचे नोंदवलेले आहे. म्हणजे कारागिराचे नाव घेण्याची रीत आपल्या परंपरेत होती. जातिव्यवस्थेने ती मोडली. हाताने काम करणारा तो हलका आणि काम करवून घेणारा तो थोर, असा न्याय रूढ झाला. हात राबला, नाव मालकाचे झाले. पेंटरच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले, आणि तेही विहारात!

म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. अड्याळसारख्या प्रत्येक गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपली एक भिंत स्थानिक कलावंतांसाठी राखून ठेवावी आणि चित्राखाली त्यांचे नाव लिहावे.

ग्रंथालयच का? कारण शासनाचे अनुदान घेणारे सार्वजनिक ग्रंथालय कोणा एकाच्या मालकीचे नसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला. आज राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत आणि ती जनतेच्या पैशावर चालतात. देवळात कोण जातो, कोण जात नाही. वाड्यात कोणाला बोलावतात, कोणाला नाही. वाचनालयाचे दार मात्र कायद्याने सर्वांना मोकळे आहे. तेथे वर्तमानपत्र वाचायला म्हातारा येतो, स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन पोरगी बसते, उन्हातून आलेला मजूर पंख्याखाली टेकतो. ज्यांनी आयुष्यात कलादालनाची पायरी चढली नाही, त्यांच्यासमोर चित्र नेण्याची याहून चांगली जागा गावात दुसरी नाही.

आमच्या चळवळीला ग्रंथालयाचे मोल कोणी शिकवायला नको. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हाही तिच्या उद्देशांचा भाग होता. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात हाती ब्रश धरला, व्हायोलिन शिकायला घेतले, हे मात्र आम्ही क्वचित सांगतो. डोळे उघडे असलेला, जगाकडे पाहणारा बुद्ध त्यांना भावत होता. ग्रंथ आणि चित्र यांच्यात त्यांनी भिंत उभी केली नाही. ती आम्ही केली.

बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथे 135 व्या रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा होती. बड्या कलादालनांची दारे काळ्या चित्रकारांना बंद असताना या शाखेने 1921 साली आपल्या वाचनालयातच त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. 1926 साली आर्तुरो शॉम्बर्ग यांचा ग्रंथ-चित्रांचा संग्रह तेथे आला. 1934 साली आरन डग्लस या कृष्णवर्णीय चित्रकाराने त्याच ग्रंथालयासाठी आपल्या लोकांचा इतिहास चार मोठ्या चित्रांत रंगवला: आफ्रिका, गुलामगिरी, मुक्ती आणि शहरातले जगणे. वाचायला आलेल्या पोराने पुस्तकातून मान वर केली की समोर त्याच्याच आजोबा-पणजोबांची गोष्ट! आज तेथे शॉम्बर्ग संशोधन केंद्र आहे आणि जगभरचे अभ्यासक तेथे जातात. सुरुवात मात्र वस्तीतल्या एका वाचनालयापासून झाली होती.

आपल्याकडेही असे काही घडले आहे. 4 मे 2017 रोजी महाबळेश्वरजवळचे भिलार हे 'पुस्तकांचे गाव' झाले. घराघरांत पुस्तके ठेवली गेली आणि चित्रकारांनी त्या घरांच्या भिंती रंगवल्या. पुस्तक आणि चित्र एकत्र आले की वाचक ओढला जातो, हे त्यातून दिसले. पण त्यामागे शासनाचे बळ होते आणि गाव पर्यटकांच्या वाटेवरचे होते. अड्याळला पर्यटक येणार नाहीत. येथे पाहणारे गावचेच, आणि काढणारेही गावचेच हवेत.

आणि काढणारे आहेत! हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. दंडार, खडीगंमत आणि दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणारी नाटके येथे अजून जिवंत आहेत. 2023 साली झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या पूर्व विदर्भाला आनंद झाला. पण त्या नटांच्या मागे उभा असलेला राजवाडा, जंगल, झोपडी रंगवणाऱ्याची कोणी विचारपूस केली? पवनी परिसरातल्या हातमागावर कोसा विणणारे आहेत. बुद्धमूर्ती घडवणारे आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना रंगांची अशी जुळणी करणाऱ्या बाया आहेत की शिकलेल्याने तोंडात बोट घालावे. त्या गोधडीला आम्ही अंथरूण म्हणतो. ती भिंतीवर लावून पाहा, मग काय म्हणायचे ते ठरवा.

नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यतेचे चटके आणि देवदासीचे दुःख कॅनव्हासवर आणले. भंडारा जिल्ह्यातल्या शाळकरी पोरापर्यंत ती चित्रे किती पोचली? ज्या पोराने आपल्या जगण्यावर काढलेले चित्र कधी पाहिलेच नाही, त्याला आपणही काढावे असे कसे वाटेल?

यावर काही आक्षेप येतील. पहिला पैशाचा. एक भिंत, वरून ओढलेली तार, दहा-बारा हुक आणि नावाच्या चिठ्ठ्या. याला लागतो तेवढा खर्च एका फ्लेक्सच्या आसपास. दुसरा आक्षेप भांडणाचा: कोणाचे लावायचे, कोणाचे नाही? नियम आधी लिहून भिंतीवरच चिकटवावा. दोन महिने एकाचे, पुढचे दोन महिने दुसऱ्याचे. नोंदवहीत नाव ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. कलावंताकडून पैसा घ्यायचा नाही. चित्र विकले गेले तर सगळी रक्कम त्याची. चित्र ताब्यात घेताना लेखी पोच द्यावी. फाटले, भिजले तर जबाबदारी कोणाची हे त्यावरच असावे. ओल आलेली आणि थेट ऊन पडणारी भिंत टाळावी. आणि प्रत्येक चित्राचा फोटो काढून नोंदवहीत लावावा. एवढे एक काम त्या विहारात झाले असते, तर आज आमच्याजवळ निदान फोटो तरी उरला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: 'ही काय कला आहे?' हा प्रश्न आम्ही ओळखतो. आमच्या कवितेलाही हाच प्रश्न विचारला गेला होता. दलित साहित्याने त्याचे उत्तर परवानगी मागून दिले नाही, लिहून दिले. चित्राचे उत्तरही भिंतीवर लावूनच द्यावे लागेल.

एक इशारा आम्हालाच. ही भिंत फक्त विहाराच्या वाचनालयात उभी करून थांबता कामा नये. आमची चित्रे आमच्याच वस्तीत आणि गावच्या ग्रंथालयात मात्र पूर्वीचेच फोटो, असे झाले तर वेशीची रेघ आम्हीच पुन्हा ओढली असे होईल. गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला रीतसर अर्ज द्या. सभासद व्हा, सभेत बसा, ठराव मांडा. आणि त्या भिंतीवर कुणब्याच्या, कोष्ट्याच्या, ढिवराच्या, गोंडाच्या पोराचेही चित्र लागेल याचा आग्रह आपणच धरा. हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा हक्क आधी मोजून ठेवावा.

परवा त्या पेंटरकडे गेलो होतो. त्याने माळ्यावरून एक गुंडाळी काढली. नाटकाचा जुना पडदा. गाव, तळे आणि तळ्याच्या काठी वस्ती. कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत, रंग अजून पक्का आहे. "कुठं लावता याले?" त्याने विचारले. पुढच्या 14 एप्रिलच्या आत अड्याळ परिसरातल्या एखाद्या ग्रंथालयाने या प्रश्नाचे उत्तर द्यावे. पडदा उचलून आणायला आम्ही येतो. खालची चिठ्ठी त्याच्याच हाताने लिहून घेऊ. या वेळी नाव त्याचे असेल.