मत्स्यपेटीचा फिल्टर बदलताना : एका कापडवाल्याचा हिशेब

व्यापाराच्या पानावर मासे कसे आले, असे वाचक बंधू विचारतील. त्याचे उत्तर असे की, रत्नागिरीत आज दवाखान्यापासून सराफाच्या पेढीपर्यंत आणि बऱ्याच घरांच्या दिवाणखान्यात काचेची मत्स्यपेटी दिसते. तिच्यावर पैसा खर्च होतो आणि त्यातला बराचसा चुकीच्या सल्ल्यावर वाया जातो. आमचा स्वतःचा गेला, म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

आमच्या घरची पेटी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व दीड फूट उंच. रेती व वरची मोकळी जागा वजा जाता साधारण १४० लिटर पाणी राहते. चिरंजीवांनी ती हौसेने मांडली आणि सौदी अरेबियात नोकरीला जाताना आमच्या स्वाधीन केली. आत अकरा गोल्डफिश होते. एवढ्या पाण्याला ही संख्या जादाच, कारण गोल्डफिश खातो फार आणि घाणही फार करतो. गाळणीची व्यवस्था जुन्या पद्धतीची होती. तळाशी प्लास्टिकची जाळी, तिच्यावर रेती आणि एअर पंपाच्या जोरावर रेतीतून पाणी खेचणारी नळी. पाणी काहीसे पिवळट दिसे, पण मासे वर्षानुवर्षे ठणठणीत होते.

२०२३ च्या मे महिन्यात चिरंजीव रजेवर आले, ते सामानात एक बंद डब्याचा फिल्टर घेऊन. याला कॅनिस्टर म्हणतात. डबा पेटीच्या खाली ठेवायचा. एका नळीने पाणी खाली येते, डब्यातील थरांतून जाते आणि मोटर ते दुसऱ्या नळीने वर चढवते. खोक्यावरचा मजकूर अरबीत होता. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाल्याने अक्षरे वाचता आली, अर्थ अर्धाच लागला. आकडे मात्र लागले. ताशी ९०० लिटर, २२० व्होल्ट आणि शेवटी ६०. त्या ६० कडे आम्ही लक्ष दिले नाही. त्याची हकीकत पुढे येईल.

चिरंजीव परत गेल्यावर आम्ही कामाला लागलो. जुनी जाळी उपटून फेकली. रेती नळाखाली धुऊन मोत्यासारखी स्वच्छ केली. नवा फिल्टर जोडला आणि पेटी अशी चमकली की, घरातील मंडळीही बघायला आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हापापू लागले. ज्या दुकानातून आम्ही खाद्य घेत होतो, तेथे विचारले तर रोग आहे म्हणून निळे औषध दिले. ते घातले. आठव्या दिवसापर्यंत सात मासे गेले. रोज रात्री चिरंजीवांचा फोन येई, मासे कसे आहेत म्हणून चौकशी होई, आणि आम्ही 'ठीक आहेत' असे सांगत होतो.

शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. तेथे शिकलेला एक तरुण आमच्या गिऱ्हाइकांपैकी निघाला. त्याने घरी येऊन पाण्याची तपासणी केली आणि म्हणाला, ''चाचा, रोग वगैरे काही नाही. तुम्ही फिल्टर लावला नाही, फिल्टर काढून टाकलात.''

त्याचे म्हणणे असे. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशाला विषासमान असतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासा सहन करतो आणि पाणी बदलले की कमी होते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते रेतीला व स्पंजाला चिकटून राहतात. म्हणजे आमची खरी गाळणी ती मळकट रेतीच होती. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आणि आमच्या हाताच्या जोराने ती संपली. नव्या डब्यातील चिनी मातीच्या कड्या कोऱ्या होत्या. त्यांच्यावर जिवाणूंची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. निळ्या औषधाने तर उरलेसुरले जिवाणूही मारले.

उपाय साधा निघाला. खाद्य बंद आणि रोज निम्मे पाणी बदलणे. नळाचे पाणी क्लोरीन उडावा म्हणून आदल्या दिवशी भरून उघडे ठेवायचे. त्या तरुणाने स्वतःच्या निरोगी पेटीतील जुना स्पंज आणून आमच्या डब्यात घातला आणि एअर पंपावर चालणारा एक लहान स्पंज-फिल्टर पाच आठवडे सोबत चालू ठेवायला लावला. चार मासे वाचले. दुकानाची गादी चालवायला नवा माणूस ठेवला, तरी जुन्या मुनिमाला त्याच दिवशी कोणी घरी पाठवत नाही. हे आम्हाला पेढीवर कळते, पेटीपाशी कळले नव्हते.

आता त्या ६० ची गोष्ट. आपल्याकडे विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात, सौदीत ६०. तिकडची मोटर इकडे चालते, पण सुमारे एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते. दहा लिटरची बादली व घड्याळ घेऊन आम्ही मोजले, तेव्हा बादली भरायला ८० सेकंद लागले. म्हणजे ताशी ४५० लिटर, खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मे. यातला काही वाटा उंचीचा व थरांच्या अडथळ्याचाही आहे आणि तो प्रत्येक फिल्टरला लागू पडतो. पेटीतील पाणी तासाला चार-पाच वेळा फिरावे असा ठोकताळा आहे, म्हणजे आम्हाला किमान ५६० हवे होते. कुवेत, दुबईची वीज मात्र आपल्यासारखीच ५० ची. आखातातून सामान आणणाऱ्यांनी हा आकडा पाहूनच पैसे मोजावेत. आम्ही शेवटी येथेच ५० ची मोटर असलेला फिल्टर घेतला आणि जुन्या डब्यातील थर त्यात जसेच्या तसे हलवले. या खेपेला एकही मासा दगावला नाही.

थरांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी जाड स्पंज, मग कड्या, शेवटी बारीक कापूस. आम्ही आरंभी कापूस पहिला ठेवला होता, तो चार दिवसांत चोंदला. या कापसाच्या बाबतीत आमचा धंदा कामी आला. 'फिल्टर वूल' म्हणून लहान पाकिटात जे विकतात, ते रजईत भरतात तेच पॉलिएस्टर. ठोक भावाने ते कितीतरी स्वस्त पडते. मात्र ते पांढरे, बिनरंगाचे व बिनरसायनाचे हवे. बरणीत पाणी घेऊन हलवून पाहावे, फेस आला तर घेऊ नये. खरा कापूस तर मुळीच नको, तो कुजतो.

आपल्या जांभ्या जमिनीतील विहिरीचे पाणी बहुधा मऊ व किंचित आम्लधर्मी असते. असे पाणी फारच आम्लधर्मी झाले की जिवाणूंचे काम मंदावते. त्यावर गावठी तोड आहे. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत घालून डब्यात ठेवाव्यात. त्यातील चुना हळूहळू पाण्यात उतरतो. बाजारात हीच वस्तू सुंदर डब्यात मिळते, आमच्याकडे ती जेवणानंतर फुकट उरते.

पावसाळ्यात वीज जाते, त्याचा धोका बंद डब्याला सर्वांत जास्त. पाणी थांबले की आतले जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात आणि काही तासांत मरू लागतात. अशा वेळी वीज आल्यावर डब्यातील सडके पाणी थेट पेटीत सोडू नये. आधी ओतून टाकावे, थर पेटीतल्याच पाण्यात खळबळून घ्यावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडील गावे कित्येक दिवस विजेवाचून होती. तसे पुन्हा झाले तर काय, म्हणून आम्ही बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवला आहे.

ज्यांना यात धंदा दिसतो त्यांच्यासाठी एक माहिती. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाच्या घटकाची किंमत ३ लाख रुपये धरली होती. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिलांना व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होते. सध्याचे नियम मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारून मगच टाक्या बांधाव्यात.

चिरंजीवांना खरी हकीकत आम्ही दीड महिन्याने सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारले, बादली किती सेकंदांत भरते? आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो आकडा आम्ही दुकानाच्या वहीतच लिहितो. गेल्या वेळी ६२ होता.