मेशुगाची सम कुठे आहे?

स्वीडनच्या उत्तर भागातल्या उमेओ या विद्यापीठाच्या गावात १९८७ साली सुरू झालेला मेशुगा हा बँड मेटल ऐकणाऱ्यांमध्ये आजही दोन तट पाडतो. एका बाजूच्या रसिकांच्या मते, लयीचा इतका खोल विचार मेटलमध्ये दुसऱ्या कोणी केलेला नाही. दुसरी बाजू म्हणते की हे संगीत नव्हे, गणित आहे. गिटारी कारखान्यातल्या यंत्रासारखे ठोके देत राहतात, गायक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ओरडतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. या वादाला बहुतेक वेळा ‘तंत्र की भावना’ असं नाव दिलं जातं. मला ही मांडणीच चुकीची वाटते. वादक पट्टीचे आहेत हे विरोधकही मान्य करतात, आणि चाहत्यांनाही नुसती कसरत ऐकायची नसते. फरक पडतो तो ऐकताना कान कशावर आहे यामुळे. गिटारच्या मागे गेलेला श्रोता वाट चुकतो. सिंबलच्या मागे गेलेल्याची मान आपोआप डोलू लागते.

हे नेमकं कसं घडतं ते एका गाण्यावरून पाहता येईल. १९९८च्या ‘केऑस्फिअर’ या अल्बममध्ये ‘न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट’ नावाचं गाणं आहे. त्यात ड्रमवादक टोमास हाके हातांनी साधा चार मात्रांचा ठेका धरतो, कोणत्याही रॉक गाण्यात असतो तसाच. प्रत्येक मात्रेचे चार बारीक भाग केले तर एका आवर्तनात असे सोळा भाग होतात. गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, ज्याला मेटलमध्ये रिफ म्हणतात, तो मात्र तेवीस भागांचा आहे, आणि हाकेचे पाय बास ड्रमवर हाच तेवीसचा तुकडा वाजवतात. म्हणजे एकाच माणसाचे हात एका हिशेबात आणि पाय दुसऱ्या हिशेबात चालतात. तेवीसचा तुकडा पहिल्यांदा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होतो. दुसऱ्यांदा तो पुढच्या आवर्तनाचे सात भाग उलटून गेल्यावर सुरू होतो, तिसऱ्यांदा आणखी भलतीकडे. पाच वेळा वाजून झाला की एकशेपंधरा भाग होतात. चारच्या ठेक्याची आठ आवर्तनं म्हणजे एकशे अठ्ठावीस भाग. उरले तेरा. म्हणून सहाव्यांदा तो तुकडा तेराव्या भागावर तोडला जातो आणि सगळे जण पुन्हा एकत्र समेवर येतात. ‘नथिंग’ या २००२च्या अल्बममधल्या ‘रॅशनल गेझ’मध्येही असाच खेळ आहे. तिथे स्नेअर ड्रमचा ठोका दर आवर्तनात तिसऱ्या मात्रेवर शांतपणे पडत राहतो, गिटारी आपल्या वेगळ्या मोजणीत फिरत राहतात, आणि दोघांची गाठ चौसष्ट मात्रांनी पडते.

तबला ऐकलेल्या मराठी वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. आडव्यातिडव्या लयीच्या बोलांनी समेपासून दूर जायचं, ऐकणाऱ्याला क्षणभर जमीन सुटल्यासारखं वाटू द्यायचं आणि मग नेमकं समेवर उतरायचं, हा आनंद आपल्या मैफलींत मुरलेला आहे. मेशुगाच्या वादकांनी तो आपल्याकडून घेतला असं मी म्हणत नाही. त्यांची सुरुवात मेटालिकाच्या वळणाच्या वेगवान मेटलपासून झाली, आणि गिटारवादक फ्रेड्रिक थोर्डेन्डालच्या एकल वादनावर इंग्लंडच्या अ‍ॅलन होल्ड्सवर्थ या गिटारवादकाची छाप आहे. साम्य आहे ते ऐकण्याच्या रीतीपुरतं. तबलजीचे बोल कितीही गुंतागुंतीचे झाले तरी लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, चालू असतो आणि जाणकार त्याला धरून असतो. मेशुगाकडे लेहऱ्याचं काम हाकेचा सिंबल करतो. तो सोडून बोलांच्याच मागे धावलात, तर ऐकू येईल तो फक्त गोंगाट.

विरोधकांचा पहिला आक्षेप इथेच येतो. ताल चारचाच असेल, तर एवढा घोळ घालायचा कशाला? मला वाटतं, या घोळामुळेच पुनरावृत्तीचा अर्थ बदलतो. साध्या गाण्यात तोच तुकडा त्याच मात्रेवर आठ वेळा आला की आठवी वेळ पहिलीसारखीच ऐकू येते. तेवीसचा तुकडा दर वेळी आवर्तनात वेगळ्या जागी पडतो. पहिल्या फेरीत ज्या ठोक्यावर जोर होता तो दुसऱ्या फेरीत दोन मात्रांच्या मधल्या फटीत जातो, आणि स्वर तेच असूनही वजन बदललेलं असतं. गुंतागुंत मिरवण्यासाठी असती तर तिने स्वतःकडे लक्ष वेधलं असतं. इथे ती एका साध्या ठेक्याच्या सेवेत आहे. पुरावा हवा असेल तर त्यांच्या मैफलीचं कोणतंही चित्रीकरण पाहावं. तिथल्या गर्दीतलं कोणी तेवीसपर्यंत मोजत नाही. सगळ्यांच्या माना चारच्या संथ ठेक्यावर, एकदमच हलतात. २००८च्या ‘ऑबझेन’मधलं ‘ब्लीड’ हे गाणं तर ड्रमवादकांमध्ये कसोटीचं मानलं जातं, कारण त्यात पायांना मिनिटामागून मिनिटं न थांबता बारीक, तुटक बोल वाजवावे लागतात. त्या एका गाण्याच्या सरावाला अल्बममधल्या बाकी सगळ्या गाण्यांइतका वेळ गेला, असं हाकेने सांगितलं आहे. तरीही श्रोत्याला त्यात जाणवते ती एक प्रचंड, सरळ पुढे सरकणारी चाल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यात सूर नाही. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे, आणि त्याची कारणं वाद्यांतच सापडतात. ‘नथिंग’साठी या बँडला आठ तारांच्या गिटारी हव्या होत्या, पण हाताशी आलेल्या वाद्यांवर भरवसा ठेवता येत नव्हता. म्हणून सात तारांच्या गिटारी आणखी खाली उतरवून तो अल्बम ध्वनिमुद्रित केला गेला, आणि २००६ साली आठ तारांच्या गिटारींवर तो पुन्हा बांधून प्रसिद्ध झाला. इतक्या खर्जात, इतक्या विस्कटलेल्या आवाजात, एक स्वर दुसऱ्यापासून वेगळा काढणं कानाला जड जातं. गिटार जवळजवळ चर्मवाद्यासारखी होते. गायक येन्स किडमनचा आवाजही याच घडणीत बसवलेला आहे. तो चाल गात नाही, ठोके देतो. ज्याला गाण्यातून गुणगुणता येईल असं काही हवं आहे, त्याला इथे उपाशी राहावं लागतं, आणि त्याने तसं म्हटलं तर ते अज्ञान नाही. मात्र ‘सूर नाही’ यावरून ‘भावना नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तिथे मी थांबतो. भावना म्हणजे फक्त करुण आणि शृंगार नव्हे. दडपण, भय, आपल्याहून फार मोठ्या गोष्टीसमोर उभं असल्याची जाणीव, याही भावनाच आहेत. आपल्या रसविचाराने भयानक आणि अद्भुत यांना फार पूर्वीच जागा दिली आहे.

यंत्रवतपणाचा आरोप करणारे २००५च्या ‘कॅच थर्टीथ्री’कडे बोट दाखवतात. तेरा भागांत विभागलेली ही सलग, पाऊण तासाहून मोठी रचना आहे, आणि तिच्यातले ड्रम संगणकावर जुळवलेले आहेत. ड्रमचे आवाज हाकेचेच, पण ते वाजवले संगणकाने. चाहत्यांनी हे झाकू नये. पण याच बँडने २०१६चा ‘द व्हायलंट स्लीप ऑफ रीझन’ स्टुडिओत सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष वाजवत ध्वनिमुद्रित केला. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले की दुसऱ्यात ठेक्याला किंचित झोल आहे, माणसांच्या हातांचा ओलावा आहे, हे लगेच कळतं. त्यातल्या ‘क्लॉकवर्क्स’ला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. यंत्र आणि माणूस यांच्यातली ही ओढाताण या बँडच्या कामात पहिल्यापासून आहे, आणि मला तीच त्यांची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मेशुगाची खरी मर्यादा मला वेगळीकडे दिसते. १९९५च्या ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’मध्ये झपाटलेला वेग होता, मध्येच एक शांत गिटारवादनाचा तुकडा होता, चढउतार होते. पुढे हा पट अरुंद होत गेला. २०२२चा ‘इम्यूटेबल’ एक तासाहून मोठा आहे, आणि एका बैठकीत ऐकताना ‘आवाजाची तीच पट्टी किती वेळ?’ हा विरोधकांचा प्रश्न रास्त वाटू लागतो. त्याहून मोठं नुकसान नक्कल करणाऱ्यांनी केलं आहे. मेशुगाच्या प्रभावातून ‘जेंट’ नावाचा उपप्रकार निघाला. त्यात टेसेरॅक्टसारख्या काही बँडनी स्वतःचा रस्ता शोधला, पण अनेकांनी फक्त खर्जातली गिटार आणि अडखळता ठोका उचलला आणि खालचा चारचा आधार विसरले. ‘कळत नसेल तर तुमची पात्रता नाही’ असं नवख्यांना सुनावणारे चाहतेही याच चुकीचे धनी आहेत. अवघडपणा हेच या संगीताचं सार, असं ते मानतात. मग विरोधक त्यांच्यावर विश्वास ठेवून दूर जातात.

‘समजावून सांगावं लागतं ते संगीत फसलं’ असंही कोणी म्हणेल. पण विलंबित ख्याल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तरी सम कुठे सापडते? कानाला सवय लागावी लागते, आणि ती लागेपर्यंत कोणी तरी शेजारी बसून मांडीवर ताल धरून दाखवला तर बिघडत नाही. म्हणून ज्यांनी मेशुगा एकदा ऐकून बंद केला असेल, त्यांना एवढंच सुचवतो: ‘रॅशनल गेझ’ लावा, गिटारींकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि फक्त स्नेअरच्या ठोक्यावर टाळी द्या. दोन-तीन मिनिटं हे जमलं आणि तरीही गाणं आवडलं नाही, तर ती नावड पक्की समजा. मग कोणत्याही चाहत्याला त्यासाठी उत्तर देण्याची गरज नाही.