पाणी निवळलं की

सातपुड्यातल्या धडगाव-बिलगाव भागात उदई नदी जुलै-ऑगस्टमध्ये बघायची नसते, ऐकायची असते. गाळ, पालापाचोळा, ओंडके घेऊन ती नर्मदेकडं धावत असते आणि गळवाले तिच्याकडं फिरकत नाहीत. गढूळ पाण्यात मासा वासानं खातो. आपण टाकलेलं त्याला दिसतच नाही. उत्तरा नक्षत्राच्या सुमारास पावसाची झड तुटली की पाणी आधी हिरवट होतं, मग गुडघाभर खोलीवरचे गोटे वेगवेगळे दिसू लागतात. ज्या दादांबरोबर मी नदीवर उतरलो, त्यांचा हिशेब याहून सोपा होता. बिलगावच्या खालच्या अंगाला पात्राच्या मधोमध एक काळा खडक आहे. त्याचा माथा कोरडा पडला की काठी काढायची.

दादा पावरा आदिवासी, वय साठीच्या आसपास. उतारावर मका आणि ज्वारी, दारात शेळ्या, आणि उरलेल्या वेळात नदी. घरात पावरी बोलतात, माझ्याशी मराठी, अडलं की हिंदी. मी मास्तर नाही हे सांगूनही त्यांनी मला शेवटपर्यंत गुरुजीच म्हटलं. चष्मा आणि वही असलेल्या माणसाला या भागात दुसरं काय म्हणणार!

माझ्याकडं फ्लाय रॉड होता. विलायतेत ट्राउट धरायला वापरतात तो लवचिक, सडपातळ दांडा. ट्राउट सातपुड्यात नाही आणि जगणारही नाही. इंग्रजांनी हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये आणि निलगिरीत आणून रुजवला, कारण तिथं त्याला हवं तसं गार पाणी होतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव घाबरा होतो. उदईचं पाणी भाद्रपदातल्या पहाटेही त्याच्या वरच असतं. म्हणजे मासा वेगळा, नदी वेगळी. मला बघायचं होतं ते एवढंच, की पाण्यावर तरंगणारा किडा टिपणारा मासा इथं आहे का, आणि त्याला कसं धरतात.

मासा आहे. बोटभर ते वीतभर लांबीचा, निमुळता, चांदीसारखा, अंगावर निळसर उभे पट्टे आणि प्रत्येक खवल्याच्या मुळाशी एक काळा ठिपका. शास्त्रात त्याला बॅरिलियस म्हणतात. वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ असेल तिथंच तो राहतो, आणि पाण्यावर पडलेले किडे खातो. याच गोतातल्या एका मोठ्या माशाला गोरे शिकारी ‘इंडियन ट्राउट’ म्हणत. ते घरच्या आठवणीनं असेल. पण वागणं पाहिलं तर नाव अगदीच चुकलेलं नव्हतं.

गळाआधी आमिष. नाकतोडे दिवसा धरायचे म्हटलं तर माणूस गवतात नाचत बसतो. दादा ते पहाटे धरतात. दवानं पंख ओले असतात, अंग गारठलेलं असतं, नाकतोडा गवताच्या पात्याला चिकटून बसलेला असतो. बोरं वेचावीत तसा वेचायचा. प्लास्टिकच्या बाटलीला भोकं पाडून त्यात दहा-पंधरा टाकले की सकाळ निघते. मोठे नाकतोडे ते सोडून देतात. बोटाच्या पेराएवढा हवा, हिरवा नको, मातकट हवा. असं का, ते त्यांनी सांगितलं नाही.

काठी बांबूची, शेंड्याला बोरूइतकी बारीक. तंगूस काठीच्याच लांबीचा. शिसं नाही, तरंगी नाही. गळ नाकतोड्याच्या मानेमागच्या कडक कवचाखालून नेतात, पोटातून नाही, म्हणजे तो जिवंत राहतो आणि पाण्यावर पाय झाडत राहतो. सगळी करामत त्या झाडणाऱ्या पायांत आहे.

त्यानंतर पाणी वाचायचं. मासा नेहमी प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो, त्यामुळं त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगानं वर चढत जायचं. सूर्य असा हवा की आपली सावली पाण्यावर पडणार नाही. पाय उचलून टाकायचा, घासत न्यायचा नाही. गोटा गोट्यावर आपटला की तो हादरा माशाच्या अंगावरच्या रेघेला कळतो आणि सगळा खळाळ क्षणात रिकामा होतो. दादा अनवाणी चालतात, मी बूट घालून. किती मासे माझ्या बुटांनी हाकलले असतील, ते त्यांनी तोंडावर आणलं नाही.

मासा कुठं उभा असतो? खळाळाच्या ऐन धारेत नाही. तिथं उभं राहण्यातच त्याची ताकद संपेल. साचलेल्या डबक्यातही नाही; तिथं खाणं येत नाही. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासून जातात, तिथं फेसाची एक रेघ दिसते. मासा रेघेच्या संथ बाजूला उभा राहतो आणि वेगाच्या बाजूनं काय वाहत येतंय ते बघतो. खडकाच्या मागं अशी जागा असते, आणि पुष्कळांना माहीत नसतं, पण खडकाच्या पुढंही असते. तिथं पाणी दगडावर आदळण्याआधी किंचित थबकतं. दादांनी पहिला मासा अशाच जागेतून काढला. नाकतोडा चार हात वर सोडला, काठीचा शेंडा त्याच्या वेगानं खाली आणला, तंगूस ढिला राहील इतकाच. पाण्यावर एक चपळ चापट बसली. मनगटाचा झटका, आणि मासा हवेत.

माझ्या दांड्याचं गणित उलटं आहे. साध्या गळात शिशाचं वजन दोऱ्याला ओढत नेतं. इथं वजन दोरीतच असतं. जाड, मेणचट दोरी डोक्यावरून मागं फेकायची, ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढं आणायची. तिच्या टोकाला बारीक तंगूस आणि त्याला पिसाची माशी, जिला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. मागं फेकायला मोकळी जागा लागते आणि उदईच्या काठाला करंज नि निरगुडी. माझी माशी मी कोंबड्याच्या मानेच्या पिसापासून बांधली होती. गळावर दोरा गुंडाळायचा, पीस आडवं फिरवत न्यायचं, म्हणजे त्याचे तंतू पायांसारखे उभे राहतात आणि माशी पाण्यावर टेकते. दादांनी ती तळहातावर घेऊन पाहिली. ‘मेलेली आहे,’ म्हणाले.

मेलेलीही चालते, पण एका अटीवर. ती पाण्याच्या वेगानंच गेली पाहिजे. दोरी धारेत अडकून माशी आडवी ओढली गेली, की मागं बारीकशी सुरकुती उठते आणि मासा तोंड फिरवतो. नाकतोड्याला हे माफ असतं, तो जिवंत असतो. पिसाला माफ नसतं. मात्र रुंद डोहाच्या पलीकडं, कातळाच्या सावलीत मासे वर येत होते आणि तिथपर्यंत बांबू पोचत नव्हता. तिथले तीन-चार मी काढले. दादांनी दांड्याची किंमत विचारली. मी सांगितली. ‘दोन बोकड आले असते,’ एवढंच म्हणून ते पुढं निघाले.

इथवरची गोष्ट थोड्याफार फरकानं स्कॉटलंडमधल्या ओढ्यावरही घडेल. पुढची फक्त इथंच घडते.

नदीबरोबर खाली चालत गेलं की एका वळणावर आवाज बंद होतो. खळाळ नाही, फेस नाही. पाणी काठाच्या झुडपांत शिरून उभं असतं आणि साग पाण्यातून वर आलेले दिसतात, पानं नसलेले. हे उदईचं पाणी नव्हे. सरदार सरोवर नर्मदेतून उलटं वर चढून आलेलं असतं. धरण गुजरातेत, केवडियाला. जून 2017 मध्ये त्याचे दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि सप्टेंबर 2019 मध्ये पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. नर्मदेवर 214 किलोमीटर लांबीचा जलाशय झाला. मणिबेलीपासून वर महाराष्ट्रातली 33 गावं त्याच्या बुडिताच्या यादीत. ओढे आणि उपनद्या या यादीत कुणी मोजल्या नाहीत. पण प्रत्येकीचा खालचा तुकडा तळं झाला.

त्यातही वेळ बघा. धरण भरतं ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे वरून नदी ओसरत, निवळत असते तेव्हाच खालून तळं चढत असतं. गळाचा हंगाम सुरू होतो त्याच पंधरवड्यात गळाची जागा बुडू लागते. दादांच्या वडिलांच्या ज्या जागा होत्या, त्यांतल्या खालच्या सगळ्या आता ऐन आश्विनात पाण्याखाली असतात. उन्हाळ्यात उघड्या पडतात, पण गोट्यांवर गाळाचा थर बसलेला असतो. वाहत्या पाण्यातला मासा गोट्यांच्या फटींवर जगतो. फटी बुजल्या की किडे जातात, किड्यांमागून मासा जातो.

महाशीरचंही तेच. हाताच्या तळव्याएवढ्या खवल्यांचा हा मासा पावसाच्या पुराबरोबर नर्मदेतून उपनद्यांत चढायचा आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालायचा. नदीच्या पलीकडं मध्य प्रदेशानं 2011 मध्ये त्याला राज्यमासा केलं. मान मिळाला तो मासा दुर्मिळ झाल्यावर. दादांनी शेवटचा मोठा महाशीर कधी पाहिला ते त्यांना सालानं सांगता येत नाही. धाकटा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता म्हणाले. तो मुलगा आता बापाबरोबर होडी चालवतो.

या मुलखाला पाण्याचा वेगळा उपयोगही ठाऊक आहे. बिलगावच्या धबधब्यावर 2003 मध्ये लोकांनी श्रमदानातून छोटा वीजप्रकल्प उभा केला होता. पाड्यांवर पहिल्यांदा दिवे लागले. 2006 च्या पुरात तो वाहून गेला.

तळ्यानं काहीच दिलं नाही, असं दादा म्हणत नाहीत. विस्थापितांच्या मच्छीमार सहकारी संस्था झाल्या, जलाशयात मत्स्यबीज सुटलं, आणि आता रोहू, कटला, मृगळ जाळ्यात येतात. संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे काढायचं. बुडालेल्या सागाच्या फांद्यांत जाळं अडकतं आणि फाटतं; दुपारभर सावलीत बसून ते सांधणं हा या धंद्यातला निम्मा वेळ. तिथं पाणी वाचावं लागत नाही. झाडं कुठं बुडाली आहेत ते आठवावं लागतं, आणि हे फक्त ज्यांची ती झाडं होती त्यांनाच आठवतं.

जाळ्यातला रोहू बर्फात घालून धडगावच्या बाजारात जातो, किलोवर विकला जातो, त्यातून मीठ, तेल, मोबाईलचा रिचार्ज निघतो. गळाचे मासे विकत नाहीत. बाजारात त्यांना कोण विचारणार, काट्यांनीच भरलेले. आमचे दोन मुठी झाले होते. दादांच्या घरी ते मीठ-मिरची लावून तव्यावर कडक केले, काट्यांसकट खाता येतील इतके, आणि मक्याच्या भाकरीबरोबर वाढले. जेवताना ठरलं की पुढच्या आठवड्यात तळं काळ्या खडकापर्यंत येईल, तेव्हा वरच्या वळणावर जायचं. नाकतोडे मी आणायचे, आणि बूट घरी ठेवायचे.