पाच मीटर बर्फ आणि बेचाळीस अंशांचे पाणी

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी हे शहर आहे. त्याच्या दक्षिणेस हाक्कोदा नावाचा ज्वालामुखी डोंगरांचा समूह लागतो. या डोंगरांच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, सुकायू नावाचे एक जुने स्नानगृह आणि त्याला जोडून लाकडी धर्मशाळेसारखी लांबलचक खाणावळ-सराई आहे. कोकणात ज्याला 'उन्हाळे' किंवा 'उन्हवरे' म्हणतात तसा गरम पाण्याचा झरा येथे आहे. जपानी भाषेत अशा झऱ्याला 'ओन्सेन' म्हणतात. १६८४ साली एका शिकाऱ्याच्या बाणाने जखमी झालेले हरिण या पाण्यात बसून बरे होऊन पळाले आणि झऱ्याचा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. हरणाची गोष्ट खरी असो वा नसो, गेली तीनशेहून अधिक वर्षे माणसे येथे अंग शेकायला येत आहेत, आणि तीही भर हिवाळ्यात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सेंदाईला एका शैक्षणिक कामासाठी जाणे झाले, तेव्हा सवड काढून मी येथे दोन रात्री राहिलो. आओमोरी स्थानकावरून बस निघते आणि तासाभराहून थोड्या अधिक वेळात सुकायूला पोचते. पुढचा घाटरस्ता हिवाळाभर बंदच असतो. शेवटच्या टप्प्यात बसच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या इतक्या उंच भिंती होत्या की डोंगर दिसेनासे झाले. सराईच्या दारावरची तापमापी उणे ९ अंश दाखवत होती, आणि तळमजल्याच्या खिडक्यांबाहेर निळसर बर्फाशिवाय काही नव्हते.

सुकायू येथे हवामान खात्याचे निरीक्षण केंद्र आहे. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेथे ५६६ सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद झाली. म्हणजे जमिनीवर उभी असलेली बस तीत सहज गडप झाली असती! आता नकाशा उघडा. हे ठिकाण ध्रुवाजवळ नाही. ते स्पेनमधील माद्रिदच्या अक्षवृत्ताच्या आसपास आहे. मग एवढा बर्फ आला कोठून?

याचे उत्तर सह्याद्रीच्या मुलांना चटकन कळेल. हिवाळ्यात सैबेरियावरून अतिथंड, कोरडे वारे जपानकडे वाहतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यात दक्षिणेकडून उबदार पाण्याचा प्रवाह येत असल्यामुळे समुद्राचे पाणी वाऱ्यापेक्षा बरेच गरम असते. वारा त्यावरून जाताना बाष्प पिऊन घेतो. पुढे डोंगर आडवे येतात, हवा वर चढते, प्रसरण पावते, थंड होते, आणि बाष्प हिमरूपाने खाली येते. आपल्या घाटमाथ्यावर जूनमध्ये जे होते तेच हे, फक्त थेंबांच्या जागी हिमकण.

दुधासारखे पाणी

सुकायूचे मोठे स्नानगृह १६० तातामींचे आहे. तातामी म्हणजे गवती चटईचे एक ठरावीक माप. आपल्या हिशेबाने हे दालन २५० चौरस मीटरहून मोठे झाले. मध्ये एकही खांब नाही. सगळे काम 'हिबा' या स्थानिक झाडाच्या लाकडाचे आहे. याला कारण आहे. हे पाणी चांगलेच आम्लधर्मी आहे. लिंबाचा रस जितका आंबट, त्याच पंगतीतले! लोखंड आणि सिमेंट त्यात झिजतात, हिबा टिकतो. शिवाय लाकूड उष्णतेचे दुर्वाहक असल्याने ओल्या अनवाणी पायांना ते चटका देत नाही की गारठवतही नाही.

येथे अंगावर एक धागाही न ठेवता हौदात उतरायचे असते. स्त्रिया आणि पुरुष यांचे दालन एकच, स्त्रियांसाठी काही वेळ राखून ठेवलेला. आपल्याकडच्या माणसाला प्रथम घाम फुटतो, तो गरम पाण्यामुळे नव्हे. पण पाणी दुधासारखे पांढरे असल्यामुळे गळ्याखालचे काहीच दिसत नाही, हे पाहून धीर येतो.

पाणी पांढरे का? झऱ्याच्या तोंडाशी अशा प्रकारचे पाणी बहुधा नितळ असते. त्यात हायड्रोजन सल्फाइड वायू विरघळलेला असतो. हवेतील ऑक्सिजनशी गाठ पडताच त्यातून गंधक वेगळे होते. त्याचे कण इतके बारीक असतात की ते तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात आणि प्रकाश चहूकडे विखुरतात. हे कलिल झाले, दुधाचेही तसेच. हाच वायू चांदी काळी करतो, म्हणून अंगठी आणि साखळी खोलीतच ठेवलेली बरी.

अंगाचा जमाखर्च

गरम हौदाचे पाणी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नागपूरची मुले म्हणतील, "त्यात काय? आमच्याकडे मे महिन्यात ४५ होते." खरे आहे. पण नागपूरच्या ४५ अंशांच्या हवेत तुम्ही दिवस काढता, आणि ४२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटांत कासावीस होता. तापमान कमी असून त्रास जास्त! हे कोडे नीट सोडवायला हवे.

शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करतो, म्हणजे एका जुन्या ठळक दिव्याइतकी. ती बाहेर टाकत राहणे शरीराला भाग असते. उन्हाळ्यात हवा अंगापेक्षा गरम असली तरी घाम येतो, तो सुकतो, आणि सुकताना एका ग्रॅममागे सुमारे २,४०० जूल घेऊन जातो. १०० वॉट घालवायला तासाला दीडशे ग्रॅम घाम पुरेल. एवढा एक तांब्या पाणी पिऊन भरून काढता येतो.

आता गळ्यापर्यंत पाण्यात बसा. घाम येतो, पण सुकणार कोठे? ती वाट बंद. पाणी अंगापेक्षा गरम, तेव्हा वहनाने उष्णता बाहेर जाण्याची वाटही बंद. उलट तीच आत येऊ लागते, आणि पाणी हवेपेक्षा वीसपंचवीस पट चांगले वाहक आहे. आत येणारी उष्णता क्षणभर विसरू आणि फक्त शरीराची स्वतःची मोजू. साठ किलो वजनाच्या माणसाचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे २ लाख १० हजार जूल लागतात. सेकंदाला १०० जूल याप्रमाणे त्याला २,१०० सेकंद, म्हणजे ३५ मिनिटे झाली. म्हणजे पाण्याने काहीही दिले नाही तरी पाऊण तासाच्या आत तुम्हाला ताप चढलेला असेल. पाणी आपला वाटा घालते, त्यामुळे तो कितीतरी लवकर चढतो. दहा मिनिटे बसा, बाहेर या, पुन्हा बसा, हा तेथील वडीलधाऱ्यांचा सल्ला या आकड्यांशी चोख जुळतो. (माझ्या खिशात सवयीने तापमापी असते. पण स्नानगृहात खिसाच नसतो, त्यामुळे फळ्यावर लिहिलेल्या तापमानावर विश्वास ठेवावा लागला.)

पाण्याचा दाबही विसरून चालणार नाही. अर्धा मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या ३५-४० मिलिमीटरइतका होतो. तो पायांतील रक्त छातीकडे ढकलतो. गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. एकदम ताडकन उठलात की पाण्याचा दाब नाहीसा होतो, रक्त पायांत उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. जपानी घरांतून कपडे काढायची खोली गार असते. तेथे रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढलेला असतो आणि लगेच गरम टबात तो घसरतो. या चढउतारापायी हिवाळ्यात घरच्या टबात वृद्ध माणसे बेशुद्ध होतात आणि बुडतात. अशांची संख्या तेथे वर्षाला काही हजारांत आहे. हौदात उतरण्यापूर्वी लाकडी भांड्याने पायांपासून वर हळूहळू पाणी ओतून घेण्याची रीत स्वच्छतेसाठी आहे खरी, पण तिच्यात शरीराला सावध करण्याचाही भाग आहे.

आता हौदाबाहेर येऊ. ओसरीत हवा शून्याच्या आसपास, अंगावर एक सुती झगा आणि वर जाड डगला, तरी मला वीसेक मिनिटे थंडी जाणवली नाही. हिशेब करा: शरीर अर्ध्या अंशाने तापले असेल तर आपण लाखभर जूल उसने घेऊन बाहेर आलो आहोत. नेहमीपेक्षा १०० वॉट जादा खर्च होत असले तरी हे उसने सतरा मिनिटे पुरते.

वीस किलोमीटरवरचे गरम पाणी

या डोंगरात राहणाऱ्या प्रत्येकाला एक जुनी घटना माहीत असते. २३ जानेवारी १९०२ रोजी जपानी सैन्याच्या पाचव्या पायदळ रेजिमेंटमधील २१० जण हिवाळी सरावासाठी आओमोरीहून निघाले. त्यांना गाठायचे होते ताशिरो हे याच डोंगरातले दुसरे उन्हाळे. अंतर सुमारे वीस किलोमीटर. रात्री गरम पाण्यात अंग शेकायचे, असा बेत. वाटेत हिमवादळाने गाठले, रस्ता हरवला. वाटाड्या बरोबर नव्हता. २१० पैकी १९९ जण मेले. त्याच दिवसांत, २५ जानेवारीला, जपानच्या उत्तरेकडील आसाहिकावा येथे उणे ४१ अंशांची नोंद झाली. तो देशाचा नीचांक अजून मोडलेला नाही.

येथे दोष फक्त तापमानाचा नव्हता. बर्फातून वाट काढताना कपडे घामाने भिजले. ओले कापड दुर्वाहक राहत नाही, आणि वारा अंगालगतची उबदार हवा टिकू देत नाही. कुडकुडून शरीर चारपाच पट उष्णता निर्माण करू शकते, पण त्याला इंधन हवे. जवळचे भाताचे मुटके गोठून दगड झाले होते. पाणी करायचे म्हटले तर उणे १० अंशांच्या एक किलो बर्फाचे उकळते पाणी करायला १८५ किलोकॅलरी लागतात. कागदावर त्याला मूठभर कोळसा पुरतो. पण जवानांनी बर्फात खोल खड्डे खणले तरी जमीन लागेना. शेगडी बर्फावरच मांडली, की तिची उष्णता खालचाच बर्फ वितळवू लागते. त्याच सुमारास हिरोसाकीहून निघालेली दुसरी एक छोटी तुकडी गावोगावचे वाटाडे घेऊन याच डोंगरातून सुखरूप पार झाली. मला ही तुलना फार बोलकी वाटते.

आणखी एक धोका आहे, आणि तो पाणी पांढरे करणाऱ्या वायूचाच. स्नानगृहाला उंचावर झडपा असतात आणि बाहेर उणे ९ असतानाही त्या उघड्या ठेवतात. पहिल्या रात्री मला हे उधळपट्टीचे वाटले. पण कारण साधे आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असून विषारी आहे. तो साचू न देण्यासाठी हवा खेळती ठेवावी लागते. मोकळ्यावर तो वाऱ्याबरोबर पांगतो. हिवाळ्यात मात्र उबदार जमीन वरचा बर्फ खालून वितळवते आणि आत पोकळी तयार होते. वरून ती दिसत नाही, वारा आत पोचत नाही, आणि जड वायू विहिरीत साचावा तसा तीत साचतो. २९ डिसेंबर २००५ रोजी शेजारच्या आकिता प्रांतात दोरोयू या उन्हाळ्याजवळ अशाच एका पोकळीत एका कुटुंबातील चौघे मृत्यू पावले. हाक्कोदातही १९९७ साली एका खळग्यात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने तीन सैनिक दगावले. "वास येईल तेव्हा पळू" असे म्हणून भागत नाही. कार्बन डायऑक्साइडला वासच नाही, आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार वाढले की नाक बधिर होते व सडक्या अंड्यांचा तो वास येईनासा होतो. म्हणून झऱ्याभोवती दोरी लावलेली असेल तर ती ओलांडायची नाही, मग पलीकडे बर्फ कितीही सुंदर दिसो.

आता मूळ प्रश्न: ही उष्णता येते कोठून? ईशान्य जपानखाली पॅसिफिक भूपट्ट वर्षाला आठेक सेंटिमीटर वेगाने घुसतो आहे. त्याबरोबर खाली गेलेल्या पाण्यामुळे वरच्या खडकाचा द्रवणांक उतरतो, खडक वितळतो आणि ज्वालामुखी जन्माला येतात. डोंगरावरचा बर्फ वितळून भेगांतून खाली झिरपतो, या तप्त खडकांजवळ जातो, वायू घेऊन वर येतो. हौदातले पाणी बहुतांशी असे कधीकाळचे बर्फच असते. आकितातील तामागावा येथे तर एकाच तोंडातून मिनिटाला सुमारे ९,००० लिटर पाणी ९८ अंशांवर बाहेर पडते. ते १० अंशांपर्यंत निवते असे धरले तर ही शक्ती सुमारे ५५ मेगॅवॉट भरते.

आपल्याकडे बरेच जण सांगतात की गंधकामुळे पाणी गरम होते. तसे नाही, गंधक आणि उष्णता दोन्ही खालूनच येतात. आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंतच्या आपल्या झऱ्यांना ज्वालामुखीही लागत नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला. पण जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की तापमान सुमारे २५ ते ३० अंशांनी वाढते. खोल भेगांतून उतरलेले पाणी तेवढ्याने तापते.

तुमच्या सहलीत असा झरा आला तर शिक्षकांबरोबर त्याची शक्ती मोजून पाहा. बादली, घड्याळ आणि तापमापी एवढेच सामान हवे. हात पाण्यात घालण्यापूर्वी तापमापी घाला. दापोलीकडच्या उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते आणि ते भाजते. समजा, १५ लिटरची बादली १० सेकंदांत भरली, पाणी ५५ अंशांचे आणि हवा २७ अंशांची आहे. सेकंदाला दीड किलो पाणी, फरक २८ अंश, आणि किलोला अंशामागे ४.२ किलोजूल. गुणाकार १७६ किलोवॉट येतो.