पिस्तूल हाती येण्याआधीचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात पोलीस चकमकींतील मृत्यूंच्या तपासासाठी 16 मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. 1995 ते 1997 या काळात मुंबईत झालेल्या 99 चकमकी व त्यांतील सुमारे 135 मृत्यू हे त्या खटल्याचे मूळ. बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 च्या सायंकाळी, बदलापूरच्या शाळेतील दोन बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी तळोजा तुरुंगातून नेला जात असता मुंब्र्याजवळ पोलीस व्हॅनमध्ये डोक्यात गोळी लागून मरण पावला. त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले.

उच्च न्यायालयाने विचारले, गोळी डोक्यातच का, पायावर का नाही? प्रश्न रास्त आहे. पण अरुंद गाडीत, झटापटीत पायाचा नेम साधणे निष्णात नेमबाजासही कठीण. न्यायालयाचे दुसरे प्रश्न मला अधिक मूलगामी वाटतात. पिस्तूल लॉक का नव्हते? गाडीतल्या पोलिसांना एक माणूस का आवरला नाही? आपल्याकडे शस्त्रप्रशिक्षण म्हणजे मुख्यतः चांदमारी : स्थिर लक्ष्य, ठरलेले अंतर, गुणांची बेरीज. आरोपीशेजारी बसताना शस्त्र कसे राखावे, गोळी न झाडता त्याला कसे जेरबंद करावे, याची परीक्षा तेथे होत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहेच. मात्र आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा कायदा त्यालाही देत नाही.

चेरीताल ज्या जबलपुरात आहे, ते शहर एकोणिसाव्या शतकात स्लीमनच्या ठगीविरोधी मोहिमेचे केंद्र होते. माफीच्या साक्षीदारांवर विसंबलेल्या त्या खटल्यांना न्याय्य म्हणण्यास इतिहासाचा विद्यार्थी धजणार नाही. तरीही परकीय सत्तेला ठगांनासुद्धा न्यायाधीशापुढे उभे करावेसे वाटले, आणि त्या जबान्या आज अभिलेखागारांत वाचता येतात.

बदलापूर प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. बळाचा वापर असमर्थनीय होता, पाच पोलीस या मृत्यूस जबाबदार आहेत आणि पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नाहीत, असे त्यात म्हटले होते. पोलिसांविरुद्धचे प्रकरण त्यानंतरही न्यायालयात रेंगाळत राहिले. बालिकांवरील अत्याचाराचा खटला मात्र त्या आरोपीपुरता त्याच सायंकाळी संपला होता.