एक नमुना आणि दोनशे पेट्या

गेल्या महिन्यात आपल्या संघाच्या गोदामासमोर एका तरुण गृहस्थांनी मोबाईलवरून विहिरीची मोटार चालू-बंद करणारी पेटी दाखविली, हे बहुतेक सभासद बंधूंस ठाऊक आहे. पेटीने काम चोख केले. एखादा फेज गेला की ती मोटार बंद करी, विहिरीचे पाणी तुटले तरी बंद करी, आणि तसा संदेश मालकाकडे पाठवी. रात्रीच्या लाईटीला उठून सापा-विंचवातून स्टार्टरपर्यंत जाणाऱ्यांस याचे मोल सांगावयास नको. तेथल्या तेथे दोनशे पेट्यांची मागणी नोंदवून निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, अशी सूचना आली. प्रस्तुत लेखकाने तीस विरोध केला, त्यामुळे काही मंडळींस राग आला. तो रास्त आहे किंवा कसे, हे पुढील मजकूर वाचून त्यांनीच ठरवावे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. यंत्रविद्येचे शिक्षण आम्हांस नाही. परंतु निवडणुकीच्या कामानिमित्त एका इलेक्ट्रॉनिक यंत्राशी आमचा वर्षानुवर्षे संबंध आला. ते मतदानयंत्र होय. प्रत्येक वाचकाने त्याचे निळे बटण दाबलेले आहे. परंतु एका नमुन्यापासून ते गावोगाव कसे पोहोचले, याची हकीकत फारशी कोणी जाणत नाही.

निवडणूक आयोगात या यंत्राची कल्पना १९७७ साली निघाली, आणि हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९७९ साली नमुना तयार केला. ऑगस्ट १९८० मध्ये तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींस दाखविण्यात आला. मे १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर त्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला. पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मतदानास कायद्यात आधार नाही असा निर्णय दिला, व कायद्यातील दुरुस्ती डिसेंबर १९८८ मध्ये झाली. मग बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व हैदराबादची वरील कंपनी अशा दोन सरकारी कारखान्यांत यंत्रे बनू लागली. १९८९-९० च्या खरेदीत एका यंत्रास ५,५०० रुपये पडले. तरीही नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली मिळून केवळ १६ विधानसभा मतदारसंघांतच ती वापरली गेली, आणि लोकसभेच्या सर्व जागांवर यंत्राने मतदान झाले ते २००४ साली. मधला बराच काळ कायद्यापायी गेला हे खरे. परंतु तेवढ्यानेच पंचवीस वर्षे जात नाहीत.

यंत्र हाताळताना आम्हांस एक गोष्ट नेहमी जाणवे. त्याची बनावट करणाऱ्यांनी शहरातल्या टेबलाचा विचार न करता गावातली शाळा डोळ्यांपुढे ठेवली होती. यंत्र बॅटरीवर चालते, कारण शाळेत वीज असेलच असे नाही. मतदाराचा भाग व अधिकाऱ्याचा भाग निरनिराळे असून मध्ये पाच मीटर लांबीची केबल आहे. यंत्राचे बाह्य रूप आखण्यात मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक रचना केंद्राचे ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा हात होता. नमुना करणाराच नमुना वापरतो, तोवर असल्या गोष्टींची गरज भासत नाही. त्या लागतात त्या आमच्यासारख्या अनोळखी हातांसाठी. केबल काढावयाची तर टोकाच्या दोन्ही बाजूंच्या चापा दाबाव्या लागतात. हे प्रशिक्षणात सांगूनही ती हिसकून ओढणारे सहकारी आम्ही पाहिले आहेत, आणि एकदा खुद्द आम्हीही ओढली आहे.

पुढे मताची चिठ्ठी छापून काचेआड सात सेकंद दाखविणारे जोडयंत्र निघाले, ज्यास व्हीव्हीपॅट म्हणतात. त्याची परीक्षा जुलै २०११ मध्ये लेह, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुवनंतपुरम व पूर्व दिल्ली येथे घेण्यात आली. म्हणजे वाळवंटाचा उन्हाळा, अतोनात पाऊस आणि समुद्राची दमट हवा, सर्व आले. तेथील अनुभवानंतर यंत्रात सुधारणा करून २०१२ साली त्याच पाच ठिकाणी पुन्हा चाचणी झाली, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडातील नोकसेन येथे त्याचा पहिला उपयोग झाला.

इतके करूनही काय झाले पाहा. मे २०१८ मध्ये पालघर व भंडारा-गोंदिया येथे लोकसभेच्या पोटनिवडणुका होत्या. भर उन्हाळा होता. पुष्कळ व्हीव्हीपॅट यंत्रे अडली, ती बदलावी लागली, आणि भंडारा-गोंदियात ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. चौकशीअंती असे आढळले की चिठ्ठीवरील छपाई ओळखणाऱ्या भागावर जादा उजेड पडून तो चुकत होता, व दमट हवेने कागदही बिघडत होता. उपाय साधा निघाला: त्या भागावर एक लहानशी झापड बसविली व ओल न धरणारा कागद घेतला. परंतु तो सुचण्यासाठी आधी धानाच्या मुलखातला मे महिना यंत्रास पाहावा लागला.

आता आपल्या पेटीकडे वळू. त्या गृहस्थांच्या अनुमतीने आम्ही ती उघडून पाहिली. बाजारात मिळणारे तयार बोर्ड वायरींनी जोडून वर गरम डिंक सोडलेला आहे. नमुन्यास एवढे पुरे; तो करणाराने प्रत्येक जोड स्वतः दिला व स्वतः तपासला. दोनशे करावयाच्या तर सर्व भाग एकाच छापील बोर्डावर घ्यावे लागतील, आणि तो बोर्ड एक-दोनदा तरी चुकेल. सुटे भाग दर खेपेस एकाच प्रतीचे मिळतील असे नाही. दोनशे पेट्या तपासण्यास दुसरा माणूस लागेल. त्याच्यासाठी पेटी ठेवताच चांगली की वाईट हे दाखविणारे तपासणीचे यंत्र आधी बनवावे लागेल. प्लॅस्टिकच्या खोक्याचा साचा तर पेट्या पन्नास करा की पाच हजार, खर्च एकच मागतो. शिवाय आतील मोबाईलचा भाग केवळ टूजीवर चालणारा आहे. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे त्याचे सिम या पेटीस उपयोगाचे नाही.

यांत आपल्या रानाचा हिशेब अजून धरलेलाच नाही. गोदामाजवळ व्होल्टेज बरे असते. तारेच्या शेवटी ४१५ च्या जागी ३०० सुद्धा मिळत नाही. वळिवात वीज कडाडली की तिचा झटका तारेतून थेट पेटीत येतो. स्टार्टरच्या डब्यात पाली व मुंग्या घर करतात, हे कोणास ठाऊक नाही? शिवाय गेलेली लाईट परत आली की दोनशे मोटारी एकदम उठून डीपी जळू नये, यासाठी प्रत्येक पेटीने कमीजास्त वेळ थांबून मोटार सुरू करावी लागेल. ऑटो स्विचने हा घोटाळा गावोगाव केलेलाच आहे.

यास्तव आमची सूचना अशी आहे की, आगाऊ रक्कम दोनशे पेट्यांची न देता दहाची द्यावी, व तीही खऱ्या खर्चाच्या हिशेबाने. एकेक पेटी दुप्पट-तिप्पट महाग पडेल. ते नुकसान संघाने सोसावे, एकट्या सभासदावर टाकू नये. मृगापासून दिवाळीपर्यंत त्या दहा विहिरींवर राहाव्यात व प्रत्येक बिघाडाची तारीखवार नोंद ठेवावी; ती वही आम्ही विनामोबदला सांभाळू. त्या गृहस्थांचे म्हणणे असे की, मोठी रक्कम हाती आल्यावाचून साच्याचे काम देता येत नाही, व तोवर परगावचा एखादा व्यापारी पुढे निघून जाईल. त्यांची अडचण खोटी नाही. म्हणून दहा पेट्या पत्र्याच्या तयार डब्यांत बसवाव्यात, साचा मागाहून करावा, असे आम्ही सुचविले. त्यास त्यांनी अर्धवट होकार दिला आहे.

ठराव येत्या सभेपुढे येईल. दहापैकी नऊ विहिरी ठरल्या आहेत. दहावी डीपीपासून सर्वांत लांब, तारेच्या अगदी टोकाला असलेली हवी. अशी विहीर ज्यांची असेल त्यांनी सभेपूर्वी संघाच्या कचेरीत नाव द्यावे.