बुबुळावरचे पहारेकरी

दादर कापणीला आली किंवा पऱ्हाट्या उपटायला सुरुवात झाली, की नशिराबाद शिवारात डोळ्याला पात लागणे, कुसळ जाणे हे नेहमीचेच. डोळा चोळायचा, पदराच्या टोकाने पुसायचा, फारच झाले तर मेडिकलमधून थेंबांची बाटली आणायची. आठ-दहा दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो आणि घरचे म्हणतात, 'डोळ्यात फूल पडले.' हे फूल पडते कसे, ते आज पाहू.

काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. निरोगी पारपटलात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर आपल्याला स्वच्छ दिसले नसते. प्राणवायू त्याला मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. मग रक्तच नाही, तर रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी तेथे येणार कोठून?

पाउल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ साली कातडीत फांद्याफांद्यांच्या पेशी पाहिल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्या शरीराच्या पहारेकरी आहेत हे उलगडायला शंभरावर वर्षे लागली. तशाच पेशी पारपटलातही असतात. कडेला दाट, मध्यभागी विरळ. मध्यभाग अगदी मोकळा असतो असे पुस्तके बराच काळ सांगत होती. ते आता मागे पडले आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या संशोधकांनी २०२२ साली उंदरांच्या पारपटलात पूर्वीच्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या 'टी' पेशी मुक्काम करून राहतात हे दाखवले, आणि २०२३ मध्ये निरोगी माणसांच्या डोळ्यांत अशा पेशी हिंडताना सूक्ष्मदर्शकाने टिपल्या. गस्त चालू असते, आपल्याला पत्ता नसतो इतकेच.

जंतू शिरला की फांद्यांची पेशी त्याचा तुकडा पकडते आणि कानाजवळच्या, जबड्याखालच्या गाठींपर्यंत वर्दी पोहोचवते. बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. डोळा लाल होतो तो यामुळे. या पेशी जंतूंना मारतात, पण त्यांच्या स्रावांनी पारपटलाचे स्वतःचे धागेही विरघळतात. जखम भरते ती पांढरा वण ठेवून. म्हणजे फूल हे एकट्या जंतूंचे काम नव्हे. निम्मे काम आपल्याच फौजेचे.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पात, काडी, भुसा यांवर बुरशी असते आणि तीच जखमेत रुजते. बुरशीचा व्रण हळू वाढतो, सुरुवातीला दुखणे बेताचे असते. अशा वेळी दुकानातून मागून आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असेल, तर दोन दिवसांत लाली उतरते आणि रोगी खूश होतो. प्रत्यक्षात पहारेकरी झोपवलेले असतात आणि बुरशी आत फोफावत असते. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय थेंब घालू नयेत ते एवढ्यासाठी. मध, दूध, एरंडेल घालणे किंवा जिभेने कुसळ काढून घेणे हेही तितकेच घातक.

वेळेचे महत्त्व नेपाळातील भक्तपूरच्या पाहणीत दिसले. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. पारपटल खरचटलेल्या ४४२ जणांना गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी तपासून साधे प्रतिजैविक मलम दिले. जखमेनंतर १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. एक ते दोन दिवस उशिरा आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना झाला. तेव्हा शेतातून घरी आल्यावर 'सकाळी बघू' म्हणू नका. (चुना वा सिमेंट गेले असेल तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा, मगच दवाखाना गाठावा.)

चुन्यावरून आठवले. माणसाच्या डोळ्यावर पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण एदुआर्द झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराविया प्रांतात केले, ते चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावरच. शरीर परका अवयव का झिडकारते हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. रक्तवाहिन्या नसल्याने परक्या पारपटलाची वर्दी लवकर पोहोचत नाही, म्हणून हे रोपण इतर अवयवांपेक्षा सहज टिकते. रक्तगटही सहसा जुळवावा लागत नाही. तरी पहारेकरी कधीतरी जागे होतातच. त्यासाठी रोपणानंतर महिनोन्‌महिने तेच स्टिरॉइडचे थेंब द्यावे लागतात. एकाला विष, दुसऱ्याला औषध! रोपण झालेल्याचा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

फूल पडलेल्या अनेकांना रोपणाने पुन्हा दिसू शकते, पण ते कोणाच्या तरी नेत्रदानातूनच. जळगावात मांगीलालजी बाफना नेत्रपेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते. घरच्यांनी पंखा बंद करावा, मृताच्या पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला फोन करावा. नेत्रपेढीची माणसे घरी येतात आणि काम साधारण अर्ध्या तासात उरकते. चेहरा विद्रूप होत नाही.